आधी डोंगर, मग जंगल: किलिमांजारो आणि सफारी एकाच रजेत

टांझानियाच्या उत्तरेला एक मोठी सोय आहे. 5,895 मीटर उंचीचा किलिमांजारो आणि सेरेंगेटी, न्गोरोंगोरो, तारांगिरे ही जंगलं एकाच विमानतळावरून गाठता येतात. त्यामुळे 'एवढं लांब जातोच आहोत तर दोन्ही उरकूया' असं वाटणं साहजिक आहे. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमधले सहा प्रश्न आज घेतले आहेत.

आम्हा दोघांना शनिवार-रविवार धरून अकरा दिवस मिळतात. एजंट म्हणतो, मरांगू वाटेने पाच दिवसांत डोंगर होतो आणि मग सेरेंगेटीसह चार दिवसांची सफारी बसते. जमेल का? (ठाणे)

बसेल, पण कागदावर. पाच दिवसांच्या मरांगूचा हिशेब असा आहे: पहिली रात्र मंदारा हटवर 2,720 मीटरला, दुसरी होरोंबोला 3,720, तिसऱ्या दिवशी किबो हटला साधारण 4,700 आणि त्याच मध्यरात्री माथ्याकडे कूच. म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही 5,895 मीटरवर असायला हवं, आणि आठवड्यापूर्वी तुम्ही ठाण्याच्या खाडीकाठी होतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा उंचावरच्या वैद्यकाचा सर्वमान्य नियम. इथे ती रोज हजाराने वाढते. चढणारे परत फिरतात ते बहुतेकदा पाय थकले म्हणून नाही. शरीराला कमी प्राणवायूची सवय व्हायला जे दिवस लागतात, तेच त्यांना मिळालेले नसतात.

माझं उत्तर स्पष्ट आहे. डोंगराला सात दिवस द्या आणि सेरेंगेटी सोडा. पहिल्या दिवशी पोहोचा. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत माचामे वाट. नवव्या दिवशी तारांगिरे, दहाव्या दिवशी न्गोरोंगोरो, अकराव्या दिवशी विमान. माचामेची खुबी चढाईच्या तिसऱ्या दिवशी कळते. त्या दिवशी तुम्ही 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढता, तिथे जेवता आणि झोपायला साडेसहाशे मीटर खाली बरांकोला उतरता. 'चढा उंच, झोपा खाली' हे जे गाइड सांगतात ते हेच. त्याच्या पुढच्या दिवशी बरांकोचा कातळटप्पा लागतो. आपल्याकडच्या किल्ल्यांवर हात टेकून चढलेल्या माणसाला त्यात विशेष काही वाटणार नाही, उलट मजाच येते.

सेरेंगेटी सोडताना जीव तुटेल, मला ठाऊक आहे. पण न्गोरोंगोरो म्हणजे जुन्या ज्वालामुखीचा वाडग्यासारखा प्रचंड खड्डा, आणि त्याच्या कड्यावरून सेरेंगेटीच्या मध्यभागी पोहोचायलाच अर्धा दिवस जातो. तिथे किमान दोन रात्री नसतील तर तुम्ही प्राण्यांपेक्षा धूळच जास्त बघाल. तारांगिरेत हत्तींचे कळप आणि गोरखचिंचेची अवाढव्य झाडं आहेत. न्गोरोंगोरोच्या सुमारे 260 चौरस किलोमीटरच्या वाडग्यात सिंह, रानरेडे, हत्ती आणि नशीब असेल तर काळा गेंडा दिसतो. पहाटे गेट उघडताच खाली उतरा. मागच्या वेळी धुक्यातून उतरलो आणि ऊन चढल्यावर एक सिंहीण सरळ चालत येऊन आमच्याच गाडीच्या सावलीत आडवी झाली. तिचा श्वास ऐकू येत होता, शेपटीच्या गोंड्याला चिकटलेलं कुसळ दिसत होतं. गाडीत चाळीस मिनिटं कोणी शब्द बोललं नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, त्या वाडग्याच्या तळाला जिराफ नाहीत. ते तारांगिरेतच बघून घ्या.

सफारी आधी केली तर? दमण्याआधी प्राणी बघून होतील आणि हवेचीही सवय होईल. (नाशिक)

हवेची म्हणाल तर फारशी नाही. तारांगिरे साधारण हजार-अकराशे मीटरवर आहे. न्गोरोंगोरोच्या कड्यावरचे लॉज 2,300 मीटरच्या आसपास आहेत, तिथल्या एका रात्रीने किलिमांजारोवर फार फरक पडत नाही.

आधी डोंगर करावा याची कारणं वेगळी आहेत. सफारीत दिवसभर खडखडणाऱ्या गाडीत बसायचं असतं, धूळ खायची असते, बुफेचं जेवण असतं. त्यातून घसा बसला किंवा पोट बिघडलं की डोंगराची वाट लागते. उलट माथ्याहून उतरल्यावर मांड्या अशा भरून आलेल्या असतात की जिना उतरतानाही कठडा धरावा लागतो. त्या वेळी गाडीत बसून राहणं हेच सुख असतं. शिवाय हवामान बिघडलं, कोणी आजारी पडलं आणि एखादा दिवस इकडेतिकडे झाला, तर सफारीतून कापता येतो. सफारी आधी झालेली असेल तर कापायला डोंगराचाच दिवस उरतो.

सराव म्हणून एखादा डोंगर हवाच असेल तर शेजारचा माउंट मेरू करा, 4,566 मीटर. तो अरुशा राष्ट्रीय उद्यानात आहे आणि वाटेत रानरेडे, जिराफ असतात म्हणून बंदूकधारी रेंजर सोबत चालतो. चालता चालता प्राणी बघणं आणि उंचीची सवय, दोन्ही त्यात होतं. ज्यांना पंधरा-सोळा दिवस आहेत त्यांना मी हाच क्रम सुचवतो: मेरू, किलिमांजारो, मग जंगल.

वय 58. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी एव्हरेस्ट बेस कॅम्प केला. दर रविवारी सिंहगड. डायमॉक्स घ्यावी का? (पुणे)

बेस कॅम्प 5,364 मीटरला आहे, म्हणजे उंची तुम्हाला नवी नाही. पण तिथे तुम्ही आठ-नऊ दिवसांत पोहोचला असाल, इथे पाच-सहा दिवसांत पोहोचायचं आहे. मागच्या वेळी त्रास झाला नाही म्हणून या वेळी होणार नाही, असं शरीर कधीच लिहून देत नाही.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, ही उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी. साधारणपणे 125 मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. पण तुमच्या बाबतीत आधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे का. अशा गोळीच्या नावापुढे बहुधा 'एच' असतं. दोन्ही एकत्र घेतली तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं. गोळी चालेल असं डॉक्टर म्हणाले तर घरीच दोन दिवस घेऊन बघा. पहिली गोळी चार हजार मीटरवरच्या तंबूत घेऊ नका.

आणि गोळी घेतली म्हणजे धोका टळला असं धरून चालू नका. डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं हे तिथे होतंच. घाबरायचं ते वेगळ्या खुणांना: बसल्या जागी धाप लागणं, खोकला वाढत जाणं, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं. एकदा आमच्या गटातल्या एक बाई 5,300 मीटरच्या आसपास जॅकेटची चेन लावत थांबल्या. दोन्ही टोकं हातात होती, पण ती एकमेकांत अडकवायची कशी तेच त्यांना उमजेना. गाइडने हेडटॉर्चच्या उजेडात त्यांना टाचेपुढे बोट ठेवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्या कलंडल्या. गाइडने चर्चा केली नाही, हाताला धरून खाली नेलं. आम्ही परतलो तेव्हा त्या खालच्या कॅम्पवर चहा पीत होत्या आणि चिडलेल्या होत्या. चिडू दे. अशा वेळी खाली उतरणं हाच उपचार, आणि त्या क्षणी गाइडचा शब्द शेवटचा.

सिंहगड चालू ठेवा, पण उतरायचा सरावही करा. पाठीवर सहा-सात किलो घेऊन एका सकाळी दोनदा चढा आणि दोनदा उतरा. माचामेवर माथ्याच्या दिवशी बाराशे मीटर चढून त्याच दिवशी जवळपास 2,800 मीटर उतरायचं असतं, त्यातला वरचा सगळा भाग घसाऱ्याचा. गुडघे बोलतात ते तिथे.

आम्हाला प्राण्यांचं स्थलांतरही बघायचं आहे. कोणता महिना? (कोल्हापूर)

डोंगरासाठी जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. मार्च ते मे टाळा, तो तिथला मोठा पाऊस. नोव्हेंबरात छोटा पाऊस असतो.

दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर झेब्रे वर्षभर गोल फिरत असतात. त्यामुळे 'स्थलांतर कधी असतं' यापेक्षा 'कळप कुठे आहेत' हे विचारायला हवं. मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडताना त्यांना बघायचं असेल तर जुलैअखेर ते सप्टेंबर, सेरेंगेटीच्या अगदी उत्तरेला. सफारी जिथून निघतात त्या अरुशा शहरातून तिथे गाडीने जाणं फार लांब पडतं, छोटं विमान घ्यावं लागतं आणि खर्च उडी मारतो. इतकं करून कळप नदीकाठी येऊन मागे फिरू शकतो, दिवसभर.

मला विचाराल तर फेब्रुवारी. तेव्हा कळप दक्षिणेला न्दुतूच्या माळावर असतात, न्गोरोंगोरोपासून जवळ. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. नुकतं जन्मलेलं पिल्लू काही मिनिटांत थरथरत उभं राहतं आणि थोड्याच वेळात आईच्या बरोबरीने पळू लागतं, कारण तरस आणि चित्ते तिथेच असतात. आणि माघी पौर्णिमेच्या आसपास माथ्याची रात्र ठेवलीत, आकाश मोकळं असलं, तर हेडटॉर्च बंद करून चंद्राच्या उजेडात चालता येतं. तारखा ठरवताना आधी कॅलेंडरमधली पौर्णिमा बघा, मग विमानाचं तिकीट.

पिवळ्या तापाची लस आणि मलेरियाच्या गोळ्या खरंच लागतात का? आणि दोन्हींचं सामान एका बॅगेत कसं मावणार? (सांगली)

लसीच्या बाबतीत हयगय नको. आपल्याकडून जाणारे बरेच जण आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात. इथिओपिया आणि केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतात. तिथला मुक्काम लांबला, विमान चुकलं, तर टांझानियात शिरताना आणि भारतात परतताना प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. ते नसेल तर भारतात सहा दिवस विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून महिनाभर आधी वेळ घ्या. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोला.

मलेरिया उंच कॅम्पवर नसतो, पण डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावात आणि जंगलात असतो. गोळी डॉक्टरच ठरवतील. फक्त त्यांना सांगा की आपण बर्फाजवळच्या उन्हात आठवडाभर राहणार आहोत, कारण डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला हळवी होते. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर पहिलं वाक्य 'आफ्रिकेहून आलोय' हे असू द्या.

सामान दोन बॅगांत करा. डोंगरावर पोर्टर उचलणार ती डफल बॅग 15 किलोच्या आत. सफारीची बॅग मोशीच्या हॉटेलात ठेवून जा. जंगलासाठी खाकी, राखाडी, मातकट कपडे घ्या. निळे आणि काळे नकोत, चावणारी त्सेत्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते. तिला पकडायचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचे असतात, तारांगिरेत झाडांना टांगलेले दिसतील. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2019 पासून बंदी आहे, कापडी घ्या. माथ्याच्या रात्री पाण्याची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी असेल तर तिच्यातलं पाणी नक्की गोठतं. मोबाइल आणि बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत उशाशी. खायला शेंगदाणे-गूळ आणि मेतकूट न्या. उंचावर भूक मेली की गरम भातावरचं मेतकूटच घशाखाली उतरतं. शाकाहाराची काळजी करू नका, आधी कळवलं तर स्वयंपाकी छान करतात. चपातीला स्वाहिलीतही चपातीच म्हणतात.

दर ठरवताना घासाघीस करायचा मोह होईल. एका चढणाऱ्यामागे तीन-चार पोर्टर असतात. पार्कचं शुल्क ठरलेलं असतं, त्यामुळे कंपनीने दर पाडला की कात्री लागते ती पोर्टरच्या मजुरीला आणि जेवणाला. माणशी 20 किलोची मर्यादा आहे का, ते रात्री कुठे झोपतात, दिवसातून किती वेळा जेवतात, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडे जाऊ नका.

नवरा चढणार आहे. मी आणि नऊ वर्षांची मुलगी नाही. आम्ही आठवडाभर काय करायचं? (पणजी)

दहा वर्षांखालच्या मुलांना माथ्याकडे जाऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. पण मरांगू गेटवरून मंदारा हटपर्यंत एका दिवसात जाऊन येता येतं. वाट घनदाट जंगलातून जाते, झाडांवर पांढऱ्या झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडं असतात. मोशीजवळ मातेरूनीचा धबधबा आहे, तिथल्या चग्गा लोकांच्या वाड्यांवर कॉफी भाजून, कुटून, हाताने करून देतात. अरुशा राष्ट्रीय उद्यानात रेंजरबरोबर पायी फिरता येतं. चार दिवस यात आरामात जातील, उरलेले हॉटेलच्या तलावात पोहायला ठेवा.

आणि मुलीला रोज सकाळी सहाला उठवा. मोशीहून किलिमांजारो दिसतो तो पहाटे आणि संध्याकाळी, मधल्या वेळात ढग त्याला गिळतात. सहाव्या दिवशी मुक्काम बराफूला, म्हणजे माथ्याआधीच्या शेवटच्या कॅम्पवर, असेल तर सातव्या दिवशी पहाटे गच्चीवर जा. त्या वेळी बाबा कड्याजवळच्या घसाऱ्यावर असतील.