'दोष काढू नका' म्हणजे मंडळीचा हिशेबही विचारायचा नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीच्या (चर्चच्या) वर्गणीचा हिशेब दोन वर्षं कुणापुढे मांडलेला नाही, आणि विचारलं की "दोष काढू नका असं प्रभूनं सांगितलंय" असं ऐकवलं जातं. मग ख्रिस्ती माणसानं गप्पच बसायचं का?

नाही. बायबलमधलं ते वचन (मत्तय 7:1) ऐकवणाऱ्याला पाचव्या वचनापर्यंत वाचायला सांगा. कुसळ आणि मुसळ आपल्याला म्हणीतूनच ठाऊक आहे (ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी छपराची तुळई आहे). पण म्हण मुसळापाशी थांबते आणि येशूचं वाक्य पुढे जातं: आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायचंच आहे, प्रश्न फक्त आधी काय करायचं याचा आहे. त्याच अध्यायात खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा असंही आहे, आणि पारखल्याशिवाय ओळखणार कसं? मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनो' पारखणं, निवाडा करणं, दोषी ठरवणं या सगळ्यांसाठी चालतं. लूक 6:37 मध्ये त्याला लगेच 'दोषी ठरवू नका' जोडलंय, त्यावरून रोख कुठे आहे ते कळतं. योहान 7:24 तर सरळ सांगतं की वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा.

व्यवहारात रेघ अशी ओढा. "अमुक महिन्याच्या वर्गणीच्या पावत्या वहीत नाहीत" ही पारख झाली. "त्यांनी पैसे खाल्ले" हा निवाडा झाला. मनातले हेतू प्रभू उघड करील, असं प्रेषित पौल 1 करिंथ 4:5 मध्ये म्हणतो, तेव्हा तुम्ही पावत्यांपुरतं बोला. आणि तरुण संघाचे किंवा सहलीचे पैसे कधी तुमच्याकडे असतील, तर त्याचा हिशेब आधी टेबलावर ठेवा. तुमचं मुसळ बहुधा तिथंच सापडेल.

पुढची वाट मत्तय 18:15-17 मध्ये आहे. आधी एकट्यानं, समोरासमोर भेटा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्या. तरीही नाही, तर मंडळीपुढे ठेवा. बिघडतं ते पहिल्याच पायरीवर. भेटण्याआधी घरोघरच्या प्रार्थनासभेत "अमक्यांसाठी प्रार्थना करा, पैशाचा मोह सुटत नाही" असं सांगितलं जातं. ही चहाडीच आहे, फक्त डोळे मिटून केलेली. दुसऱ्या पायरीवर लोक आपल्या बाजूची माणसं नेतात. साक्षीदारांचा हा नियम अनुवाद 19:15 मधला आहे, आणि तिथंच पुढे खोट्या साक्षीदाराला तीच शिक्षा सांगितली आहे जी तो दुसऱ्यावर आणू पाहत होता. म्हणून वही वाचता येणारा, कुणाच्याही गटात नसलेला माणूस न्या. पाळकांवरच (धर्मगुरूंवरच) आरोप असेल तर 1 तीमथ्य 5:19-21 पाहा: दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप ऐकायचा नाही, आणि पक्षपातही करायचा नाही. दोन्ही बाजू त्याच परिच्छेदात आहेत, पण सोयीची तेवढीच वाचली जाते.

पक्षपात श्रीमंताच्या बाजूनं होतो हे याकोब 2 मधल्या सोन्याच्या अंगठीवाल्यामुळे सगळ्यांना पाठ असतं. लेवीय 19:15 मात्र गरिबाचीही बाजू घ्यायची नाही म्हणतं. खजिनदार हलाखीत आहे म्हणून वही तपासायची नाही, हेही त्यात बसत नाही.

आता सर्वांत गैरवापर होणारं वचन, 1 करिंथ 6: भावाभावांनी कोर्टात जाऊ नये. तिथं विषय रोजच्या व्यवहारातल्या आपसांतल्या वादांचा आहे, गुन्हे झाकण्याचा नाही. पौलानं स्वतः कैसराकडे (रोमन सम्राटाकडे) दाद मागितली होती (प्रेषित 25:11). लहान मुलावर लैंगिक अत्याचाराचा प्रकार असेल तर मत्तय 18 च्या पायऱ्या चढत बसू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पैशाच्या बाबतीत मंडळीचा न्यास महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर सार्वजनिक न्यास अधिनियम, 1950 खाली हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं. कॅथलिक असाल तर कॅनन 537 (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम) प्रमाणे प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक धर्मग्रामाला, अर्थसमिती हवी, आणि कॅनन 1287 प्रमाणे भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यायला हवा. फादरांना हाच कॅनन सांगून विचारा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

मत्तय 18 मधली शेवटची पायरी, मंडळीचंही न ऐकणाऱ्याला 'विदेशी व जकातदार' समजण्याची. वाळीत टाकणारे हे वचन आनंदानं वापरतात, पण ते लिहिलंय ज्याच्या नावानं, तो मत्तय स्वतः जकातदार होता आणि येशू त्याच्या पंगतीला बसला होता. दोषी माणसाचं पद काढून घ्या. पण त्याच्या घरी मयत झाली तर जा. आणि तो पश्चात्ताप करून परत आला तर मंडळीत घ्या (2 करिंथ 2:7). चेकबुक मात्र लगेच त्याच्या हातात देऊ नका. यरुशलेमसाठी गोळा केलेली वर्गणी पौलानंही एकट्यानं नेली नाही. कुणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली (2 करिंथ 8:18-21). तुमच्याकडे चेकवर दोन सह्या आणि दर तीन महिन्यांनी फलकावर लावलेला हिशेब, एवढ्यावर भागेल.