चष्म्यातली हजेरी

बेटा,

तुझी कथा वाचली. रावेरच्या केळीच्या बागेत भविष्यकाळ उभा करायचं धाडस तू केलंस, त्याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडची पोरं विज्ञानकथा लिहायला बसली की त्यांची पात्रं लगेच मुंबईच्या ऐंशीव्या मजल्यावर राहायला जातात. तुझे मजूर मे महिन्यात घड कापतात, डोळ्यांवर चष्मा असतो आणि चष्म्यात महाबळेश्वरचं धुकं. कल्पना भक्कम आहे. तिच्याभोवती तू जे राज्य रचलंस ते मात्र मला पटलं नाही.

तुझ्याकडे चष्मा सक्तीचा आहे. काढला की ड्रोन येतो, मागून पोलीस, मग कोठडी. असली राज्यं वाचकाने खूप पाहिलीत. तो घाबरत नाही. आपल्या गल्लीत असे पोलीस फिरत नाहीत हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो पुस्तक मिटून निवांत झोपतो. त्याला असा सुटू देऊ नकोस. ड्रोन काढून टाक, कोठडी काढून टाक, आणि मुकादमाच्या तोंडी एवढंच घाल: "ज्याला नको त्याने घालू नये. जबरदस्ती कोणाला नाही. हजेरी तेवढी चष्म्यातच लागते."

हे कल्पनेतलं नाही. फेसबुकने ऑक्टोबर २०२० पासून आपल्या नव्या हेडसेटसाठी, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या अशाच चष्म्यासाठी, फेसबुकचं खातं बंधनकारक केलं होतं. पैसे मोजून घेतलेली वस्तू, पण खातं गेलं की ती वापरता येईना. ओरड झाली, २०२२ मध्ये ती अट गेली, तरी कंपनीचं दुसरं खातं लागतंच. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर फोटो काढूनच हजेरी लावायची आहे. ज्या राज्याने १९७७ मध्ये कामाच्या हक्काचा कायदा केला, त्याच राज्यातला धडगावचा मजूर आज कुदळ घेऊन टेकडीवर रेंज शोधतो. त्याला कोणी कोंडलेलं नाही. काम केलं की नाही हे त्याच्या हातावरच्या घट्ट्यांवरून आता ठरत नाही, एवढंच. तुझ्या कथेचं बी इथे पडलेलं आहे.

आता चष्म्याच्या आत काय चालतं ते नीट समजून घे, कारण तुझ्या कथेत चष्मा फक्त दाखवतो. खरा चष्मा बघतोही. डोकं कुठे वळलं, हात किती उंच गेला, याची नोंद तो सेकंदाला कितीतरी वेळा घेतो. काही चष्मे बुबुळाची हालचालही टिपतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ लोकांच्या अशा नोंदी तपासल्या. प्रत्येकाच्या पाच मिनिटांहून कमी हालचालीवरून यंत्राने शंभरातल्या पंचाण्णवांना बरोबर ओळखलं. ना नाव, ना चेहरा, फक्त मान वळवायची आणि हात हलवायची लकब. २०२३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी चष्मा लावून खेळ खेळणाऱ्या पन्नास हजारांहून जास्त लोकांवर हाच प्रयोग केला आणि शंभर सेकंदांच्या हालचालीवरून चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत ओळख पटवली.

हे आकडे कथेत घालू नकोस. त्यांचं माणूस कर. समज, घड खांद्यावर घेताना तुझ्या नायकाचा डावा खांदा थोडा खाली जातो. जुनं दुखणं, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. चष्म्याला ते तिसऱ्या दिवशी कळतं. चौथ्या दिवसापासून त्याला हलक्या ओळीत टाकतात, मजुरी कमी होते, आणि कारण कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. तो हक्क तुझ्या नायकाच्या खांद्यापर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहील. तू तो विचारू नकोस.

शरीर मात्र कथेत यायलाच हवं. आजचा हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. तो कपाळाला बांधून पंचेचाळीस अंशांत घड वाहून बघ: पट्ट्याखाली घाम साचतो, भिंगावर वाफ धरते, आणि धुक्यात उभ्या असलेल्या माणसाच्या ओठांवर मिठाची चव येते. केळीचा चीक बाहीवर पडतो. चष्म्यात बाही पांढरीशुभ्र दिसते. संध्याकाळी घरी चष्मा काढल्यावर तो काळपट डाग त्याला पहिल्यांदा दिसतो, आणि तो आता धुऊन निघणार नाही हे त्याला माहीत असतं. हा एक डाग तुझी तीन पानांची भाषणं वाचवेल.

आणि आजीचं पात्र वगळू नकोस. पहिल्या भागात ती दोन ओळींत येऊन गेली, मी तिथेच थांबलो. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, जन्मभर चैत्रात पायी वणीला गेलेली. नातू तिला चष्मा लावून देतो आणि ती पुन्हा सप्तशृंगीच्या पायऱ्या चढते. हा आनंद खोटा आहे असं म्हणायची हिंमत माझ्यात नाही, तूही म्हणू नकोस. "आभासी ते वाईट, मातीतलं ते चांगलं" ही मांडणी सोपी पडते आणि ती आजीवर अन्याय करते. नॉझिक नावाच्या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये विचारलं होतं, हवा तो अनुभव देणारं यंत्र मिळालं तर तुम्ही त्यात शिराल का? तुझ्या आजीला त्या प्रश्नाचं काही नाही, ती आनंदाने शिरेल. तिच्या बाबतीत प्रश्न पुढचा आहे. गडावर तिची नजर कुठे रेंगाळते याची नोंद होते. पुढच्या महिन्यात देवीच्या शेजारी औषधाची जाहिरात उभी राहते. आजी म्हणते, "ही पाटी हलव रे बाळा." आणि नातवाला ती हलवता येत नाही. कोणालाच येत नाही.

इथून मी तुला पांझरेच्या काठी नेतो. धुळे जिल्ह्यात शेकडो वर्षं फड पद्धतीने पाणी दिलं गेलं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे अनेकांच्या शेतांचा एक गट. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठलं ते मिळून ठरवायचं, पाणी पाटकरी देणार. मनाला येईल ते पीक लावायची मोकळीक शेतकऱ्याला नव्हती. स्वातंत्र्याची पुस्तकी व्याख्या लावली तर तो बांधलेलाच होता. तरी मी त्याला गुलाम म्हणणार नाही. पाटकरी गावातला होता, त्याचं घर माहीत होतं. पाणी कमी आलं तर त्याच्या ओट्यावर जाऊन भांडता येत होतं, आणि पाण्याची तूट आली की ती सगळ्यांच्या वाट्याला येत होती.

तुझ्या कथेत नेमकं हेच हरवायला हवं. नियम असणं वाईट नाही, चित्र खोटं असणंही फार वाईट नाही. भांडायला ओटा उरत नाही, ते भयानक आहे. नायकाची मजुरी कापली जाते. तो मुकादमाकडे जातो. मुकादम खरंच हळहळतो, कारण त्याचीही हजेरी चष्म्यातच लागते. तालुक्याच्या ऑफिसात एक मुलगी बसलेली असते, ती म्हणते तक्रार चष्म्यातूनच करा. तो चष्म्यात अहिराणीत बोलतो, "मन्हं काय चुकनं?" आणि एक गोड आवाज शुद्ध मराठीत सांगतो की आपलं म्हणणं समजलं नाही, कृपया पुन्हा बोला. तो पुन्हा बोलतो, या वेळी पुस्तकी मराठीत, अडखळत. हा प्रसंग लांबव, घाई करू नकोस. माझ्या मते तुझ्या कथेचा मधला खांब हाच आहे.

शेवट बदलावाच लागेल. सर्व्हर जाळणं, सगळ्यांनी एकदम चष्मे फेकणं, हे होत नसतं, आणि झालं तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला मजुरी लागते. त्यापेक्षा दोन-चार मजूर कोळशाने शेडच्या भिंतीवर आपली हजेरी स्वतः मांडू लागले, रोज, मुकादमाच्या डोळ्यांसमोर, तर पुढे काय होईल याचा विचार कर. मुकादम पुसेल का? पहिल्या दिवशी नाही पुसणार, असं मला वाटतं. तू वेगळा विचार करशील तर तसं लिही, कथा तुझी आहे.

खान्देशातल्या अनोळखी पोरीची कथा कोण वाचणार, असं तू शेवटी लिहिलंस. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. नाव मोठं असूनही त्यांनी ते मुद्दाम बाजूला ठेवलं आणि कथेला बक्षीस मिळालं. तेव्हा नावाची काळजी आत्ता सोड. मुकादमाचा आणि तक्रारीचा प्रसंग आधी लिहून काढ, बाकीची पानं नंतर बघू. झाल्यावर छापील प्रत पाठव, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. मला पेन्सिलीने लिहायला लागतं.

तुझा,
सर