सांगड म्हणजे समन्वय नव्हे

परभणीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. दक्षिण सुदानात आपले जवान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आहेत, त्यावर त्या मुलांसाठी टिपण लिहीत आहेत. मदतसंस्था आणि लष्कर यांच्यातल्या 'सिव्हिल-मिलिटरी को-ऑर्डिनेशन'ला मराठीत सहकार्य म्हणावं, समन्वय म्हणावं, की बातम्यांत येतं तसं 'नागरी व लष्करी यंत्रणांची सांगड' म्हणावं?

बाई, समन्वय लिहा. सहकार्य सगळ्यांना कळतं, त्यावर वेळ घालवत नाही. सांगड मात्र तिथे अजिबात नको. हा शब्द इतका वापरून वापरून गुळगुळीत केलाय की ऐकवत नाही. परंपरा आणि आधुनिकतेची सांगड, अभ्यास आणि खेळाची सांगड. परवा एका व्याख्यानात तर 'पाच खात्यांची सांगड' ऐकली. पाचांची मोळी होते, सांगड नाही!

सांगड ही पाण्यातली वस्तू आहे. दोन वाळके भोपळे दोरीने जोडायचे, मध्ये माणसाने राहायचं आणि नदी ओलांडायची. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून केलेला तराफा तीही सांगडच. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधायचे, तो एकटा. सांगडीला दोन लागतात, आणि दोघांच्या मधली दोरी पक्की लागते. एक फुटला की दुसरा कलंडतो.

शब्द आला संस्कृत 'संघाट'वरून. संघाट म्हणजे लाकडं एकमेकांत बसवून केलेली जोडणी. घराचा सांगाडा त्याच घराण्यातला. काही जण सांगड 'संघट्ट'वरून लावतात, आणि हे अजून छापलं जातं याचं मला वाईट वाटतं. संघट्ट म्हणजे टक्कर, घासाघीस. अर्थ सोडा, उच्चाराचा नियम तरी बघा. प्राकृतातल्या जोड 'ट्ट'चा मराठीत 'ट' राहतो: हट्टचा हाट, पट्टचा पाट. स्वरांमधल्या एकट्या 'ट'चा 'ड' होतो: वटाचा वड, घटाचा घडा. सांगडीत 'ड' आहे. म्हणजे मूळ शब्दात ट एकटाच असला पाहिजे. विषय संपला.

प्राकृतात 'संघाड' झाला तेव्हाच त्याला जोडीचा अर्थ चिकटला होता. जैन आगमांत भिक्षेला दोघे दोघे निघणाऱ्या साधूंच्या जोडीला हाच शब्द आहे. आणि आता मला ज्याचा खरा आनंद आहे ते सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रांची माहिती लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. पूर्व किनाऱ्याकडच्या बंदरांबद्दल लिहिताना तो सांगतो की तिथे मोठमोठ्या ओंडक्यांच्या होड्या एकमेकींना जोडून केलेली जहाजं असतात, त्यांना 'संगर' म्हणतात. संगर! मल्याळममध्ये तराफ्याला आजही 'चंगाडम्' म्हणतात. त्याच लिखाणात, थोडं आधी, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, यांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांनी भडोचला जायचा. पैठण सातवाहनांची राजधानी, त्यांची सत्ता पूर्व किनाऱ्यापर्यंत गेलेली, आणि त्यांची भाषा प्राकृत. माझा ठाम कयास आहे की हा शब्द गोदाकाठच्या उतारांवरून गाड्यांबरोबर आणि सैन्याबरोबर किनाऱ्याला गेला. किनाऱ्यावरून तो इकडे चढला असं मानणाऱ्यांनी प्राकृतातल्या त्या साधूंच्या जोडीचं आधी स्पष्टीकरण द्यावं. ते साधू काही तराफ्यावर बसले नव्हते.

हं, शांतिसेना.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी औशात होतो. 'मिलिटरी आली' हे दोन शब्द त्या दिवसांत किती जणांच्या तोंडून ऐकले! जवानांकडे अवजारं होती, शिस्त होती. पण दगडमातीच्या ढिगाखाली कोणती खोली कुठे होती, त्या रात्री तिथे कोण झोपलं होतं, हे गावातल्या माणसालाच ठाऊक. ती सांगड होती. खरी, दोरीने बांधलेली. लोक आणि लष्कर एकाच बाजूला होते, समोर शत्रू कोणी नव्हता.

दक्षिण सुदानात समोर दोन फौजा आहेत. तिथे धान्याची गाडी आणि बंदूक एका दोरीने बांधलेली दिसली, तर ज्याला ती बंदूक शत्रूची वाटते तो धान्याची गाडीही शत्रूची मानतो. मदतसंस्थांची सगळी पत आपण कोणाच्याच बाजूचे नाही यावर टिकलेली असते. म्हणून संयुक्त राष्ट्रांनी दोन प्रसंगांसाठी दोन मार्गदर्शिका केल्या: नैसर्गिक आपत्तीसाठी १९९४ची ऑस्लोची, आणि युद्धग्रस्त ठिकाणांसाठी २००३ची वेगळी. त्यांच्या लेखी को-ऑर्डिनेशन ही एक पट्टी आहे. एका टोकाला सहकार्य, दुसऱ्या टोकाला नुसतं एकमेकांच्या वाटेत न येता राहणं. रस्त्यात सुरुंग कुठे आहेत हे लष्कर सांगतं, गाड्या कधी निघणार हे संस्था सांगतात. छावणीतल्या माणसांच्या याद्या मात्र लष्कराकडे जाता कामा नयेत. सशस्त्र पहारा घ्यायचा तो दुसरा कोणताच मार्ग उरला नाही तरच. आणि पहाऱ्याची किंमतही मोठी आहे: एप्रिल २०१३मध्ये जोंगलेई प्रांतात ताफ्याबरोबर जाताना आपले पाच जवान मारले गेले.

एवढं सगळं एका शब्दात बसवायचं तर समन्वय. सम्, अनु आणि 'इ' म्हणजे जाणे. त्यातला अन्वय आपण शाळेत श्लोकाचा लावायचो: विखुरलेली पदं अर्थ लागेल अशा क्रमाने ठेवायची, पण कर्त्याची विभक्ती कर्त्याला, कर्माची कर्माला. कोणाचा प्रत्यय कोणाला लागत नाही. ब्रह्मसूत्रात 'तत्तु समन्वयात्' येतं तेही याच अर्थाने: वेगवेगळी उपनिषद्वाक्यं एका तात्पर्याकडे जातात, एकमेकांत विरघळत नाहीत. समन्वय म्हणजे तडजोड नव्हे, आणि दर सोमवारची बैठकही नव्हे. 'समन्वय साधण्यात आला' म्हणत फक्त चहा झालेला असतो, ते लिहू नका.

मुलांना किल्लारीसाठी सांगड आणि दक्षिण सुदानसाठी समन्वय असे दोन्ही शब्द द्या, बाई. आणि गंगाखेड किंवा नांदेडच्या बाजूला भोयांच्या घरातलं कोणी मूल वर्गात असेल, तर त्याच्या आजोबांना विचारायला सांगा की भोपळ्यांच्या जोडीला ते काय म्हणत. उत्तर मला नक्की कळवा.