ऊर्जा तीच, भार तोच, मग ड्युटेरॉन जास्त इलेक्ट्रॉन का पकडतो?

तुमचा प्रश्न असा: अणुरूप हायड्रोजनचं टार्गेट, १०० केईव्हीचा (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप) प्रोटॉन आणि १०० केईव्हीचाच ड्युटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेलं जड हायड्रोजनचं केंद्रक. दोघांवर भार एकच, तरी इलेक्ट्रॉन पकडण्याचा क्रॉस सेक्शन (पकड होण्याची शक्यता सांगणारं माप) ड्युटेरॉनचा जास्त. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी आलेख काढलात आणि दोन वेगळ्या रेषा आल्या.

आलेख चुकलेला नाही, आडवा अक्ष बदला. ऊर्जेला वस्तुमानांकाने (प्रोटॉनचा १, ड्युटेरॉनचा २) भागून बघा, दोन्ही रेषा एकमेकींवर बसतील. इथे ऊर्जा गौण, खरा मामला वेगाचा.

रंकाळा स्टँडवरून सुटलेली बस धावत जाऊन पकडणारे तुम्ही पाहिलेच असतील. बसचा आणि पायांचा वेग जुळला की माणूस अलगद आत. बस भरधाव असेल तर दांडी हाताला लागूनही उपयोग नाही. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे २२०० किलोमीटर. प्रोटॉनला हा वेग २५ केईव्हीला येतो, ड्युटेरॉनला ५० केईव्हीला. म्हणजे १०० केईव्हीला तुमचा प्रोटॉन त्याच्या दुप्पट वेगाने पळतोय, ड्युटेरॉन जेमतेम १.४ पट. उपमा मात्र इथवरच ताणा. इलेक्ट्रॉन काही एका दिशेने धावत नसतो; त्याच्या वेगांचा पसारा असतो आणि वेगवान आयनाशी (भार असलेल्या कणाशी, इथे प्रोटॉन किंवा ड्युटेरॉनशी) जुळणारा भाग त्या पसाऱ्याच्या शेपटीत, अगदी थोडा. म्हणून पुढे घसरण भयंकर आहे. ओपेनहायमर (१९२८) आणि ब्रिंकमन-क्रॅमर्स (१९३०) यांच्या पहिल्या अंदाजानुसार बऱ्याच वरच्या ऊर्जेला क्रॉस सेक्शन ऊर्जेच्या सहाव्या घाताने उतरतो: ऊर्जा दुप्पट, तर पकड ६४ पट कमी. फ्यूजनच्या यंत्रांत उदासीन, म्हणजे भार नसलेल्या अणूंचा बीम लागतो, तिथे हेच आडवं येतं. ईटर या फ्रान्समधल्या फ्यूजन प्रकल्पासाठी १ एमईव्हीचा (१००० केईव्हीचा) ड्युटेरियम बीम हवा, आणि त्या वेगाला धन आयन इलेक्ट्रॉन जवळजवळ घेतच नाही. म्हणून तिथे ऋण आयनांपासून सुरुवात करून जादा इलेक्ट्रॉन काढून टाकायचं ठरलं.

हेलियमच्या टार्गेटला मंद वेगाकडेही आलेख का उतरतो, हे तुम्ही जाता जाता विचारलंत. प्रोटॉन आणि हायड्रोजन ही बरोबरीची जोडी, इलेक्ट्रॉन इकडे १३.६ ईव्हीने बांधलेला, तिकडेही १३.६. हेलियमचा इलेक्ट्रॉन २४.६ ईव्हीने बांधलेला, त्यामुळे ११ ईव्हीची चढण आहे. सावकाश जाणाऱ्या आयनाला ती जड जाते.

ही टक्कर समोरासमोरची धडक समजू नका, हेही सांगून ठेवतो. आयन लांबूनच इलेक्ट्रॉन उचलतो आणि फारसा न वळता, जवळजवळ त्याच वेगाने उदासीन अणू होऊन पुढे जातो. मागे संथ आयन उरतो. आम्ही एकदा नळीतला व्हॅक्यूम ढासळलेला असताना फॅरेडे कपातला (बीमने आणलेला भार मोजणाऱ्या भांड्यातला) करंट का घटला, म्हणून दिवसभर आयन सोर्सला दोष देत बसलो होतो. बीम येतच होता, फक्त त्यातल्या बऱ्याच कणांवर भार उरला नव्हता.

आणि तक्त्याच्या माथ्यावर 'केईव्ही' लिहिलंय की 'केईव्ही प्रति यू' (यू म्हणजे अणूंच्या वस्तुमानाचं एकक), ते आधी बघा. मी न बघता आल्फाचा (४ यू वस्तुमानाच्या हेलियम केंद्रकाचा) अख्खा आलेख चौपट उजवीकडे नेला होता.