सांगली सिव्हिलमध्ये वडिलांना थेट मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवता येईल का?

नाही, बहुतेक वेळा थेट नाही; आधी केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत दाखवायचं आणि तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की पुढे जायचं. सासऱ्यांच्या हातापायाच्या मुंग्यांसाठी वर्षभर फेऱ्या मारल्यामुळे हे माहीत आहे. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: शिकवणाऱ्या रुग्णालयात प्रत्येक विभागाची युनिटं, म्हणजे डॉक्टरांचे गट असतात आणि त्यांचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. मंगळवारी दाखवलं असेल तर पुढच्या वेळीही मंगळवारीच जा. नाहीतर नवे डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी! आधी तपासतात ते तरुण निवासी डॉक्टर. त्यांना 'शिकाऊ' म्हणून नाक मुरडू नका, ते एमबीबीएस होऊन एमडी करत असतात आणि अडलं की सरांना विचारतात.

दुसरं म्हणजे सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय ही दोन्ही १९६२ साली सुरू झालेल्या मिरज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. त्यामुळे चिठ्ठी मिळाली की सांगली की मिरज, हे तिथेच विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसाची उगाच ओढाताण नको. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. भरती करायची वेळ आली तर मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणारे लोक, हीच कागदपत्रं मागतात.

मात्र तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद अचानक जाणं यातलं काही दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि थेट अपघात विभागात न्या.