लिस्बनला आठवडाभर जातोय. रोख न्यावी की कार्ड? एटीएमवर जादा कापतात का?

थोडी रोख, बाकी कार्ड. दोनेकशे युरो इथूनच घेऊन जा, पुरतात.

खरी गोम एटीएमवर आहे. पैसे काढताना स्क्रीनवर विचारतात, रुपयांत वजा करू की युरोत? रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडेच जातं आणि तिथेच फसतो. तो दर मशीनवाल्याने लावलेला असतो, बाजारभावापेक्षा चांगलाच चढा. कायम युरोच निवडा. दुकानात कार्ड घासतानाही हेच. मशीन 'मुल्टीबांको' (तिथल्या बँकांचं सामायिक एटीएम जाळं) पाटीचं, शक्यतो बँकेच्या भिंतीतलं बघा.

हॉटेलात बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखं फुकट समजू नका! त्याला 'कुव्हेर' म्हणतात, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. (मी पहिल्याच दिवशी ऑलिव्हची अख्खी वाटी संपवली होती.)

आणि हो, मुक्कामावर माणशी रात्रीला 4 युरो पर्यटन कर लागतो, जास्तीत जास्त 7 रात्रींचा. बुकिंगच्या रकमेत तो धरलाय का, आधी बघून घ्या.