कुलगुरूंचं ‘आरोग्य व समावेशन’ पत्र मनावर घ्यावं का?

दर सत्राच्या सुरुवातीला कुलगुरूंच्या सहीने ‘आरोग्य व समावेशन : आढावा’ असं पत्र येतं, ते मनावर घ्यावं का आणि त्यावर काही कळवलं तर वर पोचतं का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. ईमेलवर पाठवाल तर पोचत नाही. आवक विभागात, म्हणजे आलेले कागद नोंदवतात तिथे, कागद द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. संपलं.

पहिल्या भागावर मात्र जरा बोलावं लागेल, कारण ते पत्र कुलगुरू लिहीत नसतात. कक्ष अधिकारी लिहितो. राज्यातल्या एका विद्यापीठात २०१२ पासून निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं तो कक्ष अधिकारी मी होतो.

पत्र तयार कसं होतं ते सांगतो. समान संधी कक्ष, आरोग्य केंद्र, वसतिगृहं, विद्यार्थी विकास आणि अभियंता विभाग, सगळ्यांना आठ दिवसांची मुदत देऊन माहिती मागवायची. वेळेत दोघांकडून येते. बाकीच्यांकडून तीन स्मरणपत्रांनंतर गेल्या वर्षीचाच कागद तारीख बदलून येतो. एकदा तर एका रेक्टरांनी तारीखही बदलली नव्हती. मग त्या सगळ्याची एकजीव भाषा करायची. ‘सुविधा उपलब्ध करून देण्यात आली आहे’ म्हणजे वस्तू आली, खोक्यात आहे. ‘कार्यवाही प्रगतिपथावर आहे’ म्हणजे निविदा निघालेली नाही. ‘संवेदनशील दृष्टिकोन ठेवण्यात येत आहे’ म्हणजे तक्रार आली होती.

या पत्राची एक प्रत नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाईलला लागते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा ते तेवढ्यासाठीच निघतं. माझ्या वेळी नॅकच्या सातव्या निकषात दिव्यांगांसाठी अडथळामुक्त परिसर आहे का, असा मुद्दा होता. रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह, फलक, लेखनिक, सगळ्याचे पुरावे द्यायचे. फोटो जिओटॅग केलेला हवा, म्हणजे कोपऱ्यात अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत. रॅम्प कुठे आहे हे त्यातून अगदी अचूक कळतं. त्यावरून कोणी वर जाऊ शकतं का, हे कळत नाही.

२०१८ सालची गोष्ट. दुपारी फोन वाजला. एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा मुलगा होता. “सर, तुमच्या कुलगुरूंच्या पत्रात परिच्छेद चार आहे, परीक्षा भवनात रॅम्पची सुविधा उपलब्ध आहे म्हणून. मी परीक्षा भवनाच्या खाली उभा आहे. म्हणजे बसलोय. रॅम्प कुठे आहे तेवढं सांगता का?” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी संबंधित विभागाशी संपर्क साधा म्हणून मोकळा झालो असतो. खाली गेलो.

व्हीलचेअरवर तो आणि सोबत एक मित्र. पत्राची प्रत मांडीवर, परिच्छेद चारवर पेनाची रेघ. रॅम्प इमारतीच्या मागच्या बाजूला होता. त्याच्या तोंडाशी स्टाफच्या चार दुचाक्या लावलेल्या, वरच्या टोकाला चॅनल गेट, गेटला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला. दुचाक्या मित्राने आणि मी सरकवल्या. किल्ली वीस मिनिटांनी आली. मग त्या पोराने चाकं रॅम्पवर घातली आणि दोन हात वर जाऊन थांबला. खुर्चीची पुढची चाकं उचलली जात होती. मित्राने मागून धरलं नसतं तर तो पाठीवर पडला असता. शेवटी दोन शिपाई बोलावले आणि पुढच्या पायऱ्यांवरून त्याला खुर्चीसकट उचलून नेलं. उचलताना तो एवढंच म्हणाला, “नेहमी असंच उचलतात, सर. मला त्याचाच कंटाळा आलाय.”

दुसऱ्या दिवशी अभियंता विभागातून टेप मागून घेतली आणि स्वतः मोजलं. जोतं, म्हणजे जमिनीपासून इमारतीच्या फरशीपर्यंतची उंची, ४५ सेंटिमीटर. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. हे त्या विभागातल्या कोणालाही झोपेत विचारलं तरी सांगेल. म्हणजे लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर हवी. भरली १ मीटर ८०. मागच्या पायऱ्या जेवढ्या जागेत होत्या तेवढ्याच जागेत त्या बुजवून सिमेंट ओतलं होतं. तो उतार १:४ झाला. अशा उतारावर हातगाडीवाला गोणीसुद्धा चढवणार नाही.

आता माझी चूक. नॅकच्या फाईलमधला त्या रॅम्पचा फोटो मीच लावला होता. समोरून, खाली बसून काढलेला, त्यामुळे चढ दिसतच नव्हता. कडेला ताजा पिवळा पट्टा, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश. फोटो चांगला आलाय म्हणून मीच म्हणालो होतो.

पुढच्या सत्राच्या मसुद्यात परिच्छेद चार मी नवीन लिहिला. तीन वाक्यं होती. परीक्षा भवनाचा रॅम्प प्रमाणानुसार नाही. तो दुरुस्त होईपर्यंत व्हीलचेअर वापरणाऱ्या परीक्षार्थींची बैठकव्यवस्था ग्रंथालयाच्या तळमजल्यावर केली जाईल. काम पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख अमुक, आणि अडचण आल्यास अमुक क्रमांकावर फोन करावा. क्रमांक माझ्या टेबलाचा होता.

नस्ती, म्हणजे मसुद्याची फाईल, उपकुलसचिवांकडून परत आली. तीन वाक्यांवर आडवी रेघ आणि समासात शेरा : ‘त्रुटी परिपत्रकात नमूद करण्याची प्रथा नाही. चर्चा करावी.’

चर्चेला गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते, चहा मागवला. म्हणाले, “हे पत्र आढाव्याचं आहे, कबुलीजबाब नाही. उद्या हा कागद घेऊन कोणी कोर्टात गेलं तर उत्तर कोण देणार, तुम्ही?” मी म्हणालो, “साहेब, रॅम्प तिथेच आहे. कोणीही टेप घेऊन जाऊ शकतं.” ते म्हणाले, “टेप घेऊन कोणी जात नाही. कागद घेऊन जातात.” मला पुढे काही सुचलं नाही. चहा पिऊन परत आलो. पत्र जुन्याच परिच्छेदासह गेलं : रॅम्पची सुविधा उपलब्ध आहे.

जे तेव्हा सुचलं नाही ते आता सांगतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४५ बघा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांपर्यंतची मुदत त्यातच दिलेली आहे. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे २०१८ साली आपला रॅम्प चुकीचा असणं हा गुन्हा नव्हता. जुन्या इमारती अशाच असणार हे गृहीत धरून कायद्यानेच वेळ दिला होता. चुकीचा रॅम्प बरोबर आहे असं सहीनिशी लिहिणं हेच काय ते धोक्याचं होतं, आणि साहेबांनी नेमकं तेच कायम केलं. कोर्टाची भीती असलेल्या माणसाने तर माझी तीन वाक्यं चौकट करून छापायला हवी होती.

आरोग्याच्या परिच्छेदाचीही तीच गत. ‘समुपदेशन केंद्र विद्यार्थ्यांसाठी सदैव खुले आहे.’ समुपदेशक बाई मानधनावर, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते पाच. खोली शिस्तपालन समितीच्या खोलीला लागून, आणि बाहेर दोघांत मिळून एकच बाक. कॉपी पकडलेला मुलगा आणि रात्र-रात्र झोप न लागणारी मुलगी एकाच बाकावर. जाणार कोण? त्या वर्षी केंद्रात फार कमी विद्यार्थी आले. केंद्राकडून आलेल्या माहितीत त्याचा अर्थ काय लावला होता सांगू? ‘विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य समाधानकारक.’ मी ते वाक्य काढलं. बाक मात्र मला हलवता आला नाही, तो इस्टेट विभागाचा होता.

तुमच्या पत्रात हा परिच्छेद असेल तर दोनच गोष्टी शोधा : समुपदेशकाचं नाव आणि बसण्याची वेळ. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेला किमान एक पात्र समुपदेशक नेमणं किंवा उपलब्ध करून देणं भाग आहे. त्याआधी मार्चमध्ये न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दलही नेमलं. त्यामुळे आता पत्रांत मानसिक आरोग्याची नुसती रेलचेल असणार. पानभर मजकुरात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांकसुद्धा नसेल, तर ते पत्र कोणासाठी लिहिलंय ते तुम्हीच ठरवा.

म्हणजे पत्र फेकून द्यायचं का? अजिबात नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या की चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलं तरी लिहिण्यात अडचण असेल तर लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. मुळात हा प्रश्न धसास लागला तो विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात, फेब्रुवारी २०२१ मध्ये. तोवर चाळीस टक्क्यांचा दाखला नाही म्हणून कितीतरी मुलं परत पाठवली जात. हात लिहिता लिहिता आखडतो, पण तो एकोणचाळीस टक्केच आखडतो, असं काहीतरी ते होतं. मी हा मुद्दा त्या वर्षीच्या पत्रात घातला. साहेब तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, “कागद आहे का?” मी सूचनांची प्रत जोडली. सही झाली.

त्या हिवाळी परीक्षेत सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एका संलग्न महाविद्यालयातून केंद्रप्रमुखांचा फोन. एक मुलगी जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला आणि कुलगुरूंचं पत्र घेऊन आलीय, तासभर जास्त मागतेय. तीन तासांचा पेपर म्हणजे तीन तास, असं त्यांनी तिला सांगून झालं होतं. मी म्हणालो, “तिच्या हातातल्या पत्राचा जावक क्रमांक वाचा.” त्यांनी वाचला. मी म्हणालो, “खाली सही कोणाची आहे?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “ठीक आहे, देतो. पण पर्यवेक्षकाचा जेवणाचा भत्ता कोण देणार?”

अकरा वर्षांत लिहिलेल्या पानांपैकी हे एक वाक्य असं, ज्याने कोणाला तरी एक तास मिळाला. ते वाक्य चाललं कारण त्यात आकडा होता, आणि केंद्रप्रमुखांना त्यातून पळवाट काढता येईना. तेव्हा पत्र वाचताना भावनांची वाक्यं सरळ सोडून द्या. आकडा, तारीख, माणसाचं पद आणि फोन एवढंच शोधा. सापडलं तर प्रत काढून जवळ ठेवा, कधीतरी कोणापुढे तरी धरावी लागेल. नाही सापडलं तर तेच विचारणारा अर्ज करा आणि विषयाच्या ओळीत त्या पत्राचा जावक क्रमांक टाका. क्रमांक टाकलेला अर्ज नस्तीला लावावाच लागतो, नुसता ‘मा. कुलगुरू साहेब’ म्हणून केलेला कुठेही जाऊ शकतो.

थोडं राहिलं. माझा अनुभव एका राज्य विद्यापीठाचा आहे, सगळीकडे असंच असेल असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमच्याच कुलगुरूंनी एक पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. वसतिगृहात अडकलेल्यांसाठी आमच्याकडे डॉक्टर नाही, मेस बंद आहे, दोन दिवसांत सोय करतो, असं सरळ. कोणी कोर्टात गेलं नाही. उलट आजूबाजूच्या कॉलनीतून डबे आले. आणि साहेबांची बाजूही सांगायला हवी. पूर्वी एका कबुलीवरून विधानसभेत तारांकित प्रश्न लागला होता आणि त्यांची तीन आठवडे झोप उडाली होती, हे मला नंतर कळलं. दुधाने तोंड पोळलं होतं, पण म्हणून रॅम्प सरळ होत नाही.

रॅम्प पुढे नवीन झाला, नॅकची समिती यायच्या दीड महिना आधी. तोवर तो मुलगा एम.ए. होऊन गेला होता. चारही सत्रांच्या परीक्षा त्याने उचलून नेलेल्या अवस्थेत दिल्या.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या रांगेत साहेब भेटले. तब्येतीची चौकशी झाली, मुलांची झाली. मग मी परिच्छेद चारचा विषय काढला.

“कुठला परिच्छेद?” म्हणाले.

शेऱ्यासकट झेरॉक्स माझ्याकडे आहे. येत्या नोव्हेंबरात घेऊन जाणार आहे.